फाइल ऑफसेटचे विदाप्रकार

फाइल ऑफसेट म्हणजे एखाद्या फाइलच्या किंवा उपकरणाच्या आरंभापासून विशिष्ट बाइटपर्यंतचे, बाइटांमध्ये मोजलेले अंतर होय. पुढील वाचन किंवा लेखन नेमके कोठून सुरू करायचे, हे संगणकाची संचालन प्रणाली याच संख्येवरून ठरवते. उपकरणांशी थेट संवाद साधणाऱ्या ड्रायव्हर या आज्ञावलीत ही संख्या कोणत्या विदाप्रकारात साठवावी, तो प्रकार किती बिटांचा असावा आणि चिन्हांकित असावा की चिन्हरहित, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लिनक्स कर्नेलमध्ये या कामासाठी 'एलऑफ_टी' हा ६४ बिटांचा चिन्हांकित प्रकार ठरलेला आहे. उत्तर इतके सरळ असूनही या बाबतीतील चुका अनेक दशके होत आल्या आहेत. प्रकार चुकल्यास संकलक बहुधा तक्रार करत नाही, लहान फाइलींवर ड्रायव्हर निर्दोष चालतो आणि दोष प्रकट होतो तो थेट दोन किंवा चार गिगाबाइटांच्या सीमेवर.

या लेखात गिगाबाइट, टेराबाइट इत्यादी एकके द्विमान पद्धतीची, म्हणजे १०२४ च्या पटीतील आहेत.

== संकल्पना ==

सी भाषेत 'इंट' हा पूर्णांक आजच्या बहुतेक संगणकांवर ३२ बिटांचा असतो. एक बिट चिन्हासाठी खर्च झाल्यावर त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ ही उरते; म्हणजे दोन गिगाबाइटांना एक बाइट कमी. चिन्हरहित प्रकारात हीच मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ इतकी होते. 'लाँग' हा प्रकार अधिक फसवा आहे. ३२ बिटी लिनक्सवर तो ३२ बिटांचा व ६४ बिटी लिनक्सवर ६४ बिटांचा असतो, तर विंडोजवर दोन्हीकडे ३२ बिटांचाच राहतो. त्यामुळे 'माझ्या यंत्रावर चालते' या वाक्याला ऑफसेटच्या बाबतीत फारसा अर्थ नसतो.

मोठी संख्या लहान प्रकारात घातली की वरचे बिट गळून पडतात. ४,२९,४९,६७,३१२ हा ऑफसेट ३२ बिटांच्या चिन्हरहित चलात ठेवला, तर तेथे केवळ १६ उरते. तीन अब्ज हा ऑफसेट इंटमध्ये ठेवल्यास प्रत्यक्ष व्यवहारात −१,२९,४९,६७,२९६ अशी ऋण संख्या मिळते. पहिल्या प्रकारात ड्रायव्हर शांतपणे चुकीच्या जागी जातो. दुसऱ्या प्रकारात तो साठ्याच्या आरंभाच्याही मागे जाऊ पाहतो.

== ऐतिहासिक पार्श्वभूमी ==

हा प्रश्न युनिक्सइतकाच जुना आहे. पीडीपी-११ या संगणकावर पूर्णांक १६ बिटांचा होता. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत फाइलमधील स्थान बदलण्यासाठी 'सीक' हे आवाहन वापरले जाई व त्याला १६ बिटांचा ऑफसेट द्यावा लागे. त्यात ६५,५३५ च्या पुढे थेट पोहोचता येत नसल्याने एक तोडगा काढण्यात आला होता: तिसऱ्या प्राचलात ठरावीक मूल्ये दिल्यास ऑफसेट बाइटांऐवजी ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजला जाई. म्हणजे आधी ठोकळ्यापर्यंत उडी आणि मग ठोकळ्याच्या आत बाइटांची चाल, असा दोन टप्प्यांचा प्रवास करावा लागे.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत सीकच्या जागी 'एलसीक' आले. त्याच्या नावातील पहिला 'एल' हा लाँग या प्रकाराचा आहे. चार दशकांनंतरही हे आवाहन त्याच नावाने ओळखले जाते, जरी आज त्याचा प्रकार लाँग असेलच असे नाही. पुढे लाँगही अपुरा पडू लागला तेव्हा लिनक्समध्ये 'एलएलसीक' हे नाव रूढ झाले. त्यातील दोन एल 'लाँग लाँग' दर्शवतात. विदाप्रकाराची लांबी फंक्शनच्या नावात कोरून ठेवण्याची ही पद्धत फारशी दूरदृष्टीची नव्हती, असे आज म्हणता येते. पुढील काळात 'ऑफ_टी' असा स्वतंत्र नामप्रकार आला. त्याचा उद्देशच असा की प्रत्यक्ष लांबी प्रणालीने ठरवावी आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने फक्त अर्थ सांगावा.

१९९० च्या दशकात चकत्यांची क्षमता दोन गिगाबाइटांच्या पुढे गेली आणि ३२ बिटी यंत्रांवरील ऑफ_टी उघडा पडला. युनिक्स विक्रेत्यांनी एकत्र येऊन 'लार्ज फाइल समिट' या नावाने चर्चा केली व १९९६ मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला. जुन्या आज्ञावली मोडू नयेत म्हणून ऑफ_टी आहे तसा ठेवून 'ऑफ६४_टी' हा नवा प्रकार त्याच्या शेजारी आणण्यात आला. दोन गिगाबाइटांहून मोठी फाइल जुन्या पद्धतीने उघडू पाहणाऱ्या आज्ञावलीला चुकीचे उत्तर देण्याऐवजी संख्या मावत नसल्याची त्रुटी द्यावी, असेही ठरले. खोट्या यशापेक्षा स्पष्ट अपयश बरे, हा त्यामागचा विचार होता.

लिनक्समध्ये हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. १९९६ च्या २.० मालिकेत ड्रायव्हरच्या स्थानबदल फंक्शनला ऑफ_टी मिळत असे. जानेवारी १९९९ मधील २.२ पर्यंत त्याची जागा एलऑफ_टीने घेतली आणि वाचन-लेखनाच्या फंक्शनांनाही ऑफसेटचा पॉइंटर स्वतंत्र प्राचल म्हणून मिळू लागला. ३२ बिटी यंत्रांवर दोन गिगाबाइटांहून मोठ्या फाइली मात्र २००१ च्या २.४ मालिकेपासूनच मुख्य कर्नेलमध्ये हाताळता येऊ लागल्या.

== लिनक्समधील संबंधित प्रकार ==

ड्रायव्हर लिहिणाऱ्याला एकाच वेळी अनेक प्रकारांशी व्यवहार करावा लागतो. एलऑफ_टी हा स्थानासाठी असून सर्व यंत्ररचनांवर तो ६४ बिटांचाच असतो. 'साइझ_टी' हा स्मृतीतील आकारासाठीचा चिन्हरहित प्रकार यंत्राप्रमाणे ३२ किंवा ६४ बिटांचा असतो. किती बाइट वाचले हे सांगणारा 'एसएसाइझ_टी' चिन्हांकित आहे, कारण त्याच परतमूल्यातून त्रुटीचा ऋण क्रमांकही पाठवावा लागतो. खंड उपकरणांच्या ड्रायव्हरांत 'सेक्टर_टी' येतो व तो बाइट न मोजता ५१२ बाइटांचे सेक्टर मोजतो. स्मृतीच्या पानांसाठी 'पीजीऑफ_टी' असून तो पाने मोजतो.

यातील प्रत्येक प्रकाराचे एकक निराळे आहे, ही गोष्ट लांबीइतकीच महत्त्वाची आहे. संकलकाच्या दृष्टीने हे सारे साधे पूर्णांक असल्याने सेक्टरांच्या जागी बाइट दिले तरी तो इशारा देत नाही.

एकाच आवाहनात किती बाइट वाचता येतील यावरही लिनक्सने मर्यादा घातली आहे. ६४ बिटी यंत्रावरसुद्धा एका वेळी जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइट दिले जातात. ही संख्या इंटच्या कमाल मूल्याला खालच्या पानसीमेवर आणून मिळते. वाचनाची लांबी इंटमध्ये ठेवणारे ड्रायव्हर व फाइलव्यवस्था यांना त्यामुळे आपोआप संरक्षण मिळते. ऑफसेटला मात्र असे कवच नाही.

== चिन्हाचा प्रश्न ==

स्थान कधीच ऋण नसते, मग ऑफसेटचा प्रकार चिन्हांकित का, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. त्याची दोन कारणे आहेत. सध्याच्या स्थानापासून किंवा फाइलच्या अंतापासून मागे जायचे असेल, तर ऋण अंतर द्यावे लागते. शिवाय स्थानबदलाचे फंक्शन यशस्वी झाल्यास नवे स्थान आणि अयशस्वी झाल्यास ऋण त्रुटिक्रमांक परत करते. एकाच मूल्याला दोन्ही भूमिका वठवायच्या असल्याने चिन्ह आवश्यक ठरते. ६४ पैकी एक बिट गमावल्याने मर्यादा आठ एक्साबाइटांवर येते. कोणत्याही एका उपकरणासाठी ती आज पुरेशी आहे.

अपवाद संगणकाच्या स्मृतीचाच आहे. युनिक्सच्या परंपरेत मुख्य स्मृतीही 'मेम' नावाच्या उपकरणफाइलीच्या रूपाने दिसते व तेथे ऑफसेट म्हणजे स्मृतीचा पत्ता असतो. ६४ बिटी यंत्रांवर कर्नेलचे पत्ते संख्याश्रेणीच्या वरच्या अर्ध्या भागात असतात, म्हणजे चिन्हांकित दृष्टीने पाहिल्यास ते ऋण ठरतात. अशा मोजक्या उपकरणांसाठी कर्नेलमध्ये 'हा ऑफसेट चिन्हरहित समजावा' अशी वेगळी खूण ठेवावी लागली.

चिन्हांकित व चिन्हरहित प्रकारांची तुलना हे या विषयातील सर्वांत निसरडे ठिकाण आहे. 'ऑफसेट आकाराएवढा किंवा त्याहून मोठा असेल तर शून्य परत कर' ही तपासणी घ्या. ऑफसेट एलऑफ_टी व आकार साइझ_टी आहे आणि काही कारणाने ऑफसेट −५ झाला आहे. ३२ बिटी यंत्रावर सी भाषेच्या नियमानुसार ३२ बिटांचा आकार ६४ बिटांच्या चिन्हांकित प्रकारात बदलला जातो. −५ हा शंभरापेक्षा लहानच ठरतो आणि तपासणीतून सहीसलामत पुढे जातो. ६४ बिटी यंत्रावर मात्र दोन्ही संख्या चिन्हरहित केल्या जातात. −५ चे रूपांतर प्रचंड धन संख्येत होते आणि तपासणी त्याला अडवते. तीच ओळ, तोच संकलक, पण एका यंत्रावर ड्रायव्हर सुरक्षित आणि दुसऱ्यावर असुरक्षित. सामान्य वाचन-लेखनात कर्नेलचा मध्यवर्ती भाग आता ऋण स्थान ड्रायव्हरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच नाकारतो, तरी ड्रायव्हरने स्वतः केलेल्या हिशेबातून ऋण संख्या निर्माण झाल्यास ही तपासणी कामी येत नाही.

== २००४ मधील सुरक्षादोष ==

ऑगस्ट २००४ मध्ये पॉल स्टारझेट्झ या सुरक्षासंशोधकाने लिनक्सच्या २.४ व २.६ या दोन्ही मालिकांतील एक दोष जाहीर केला. ६४ बिटांच्या फाइल ऑफसेटचे ३२ बिटांत नीट रूपांतर न करणाऱ्या जागा कर्नेलमध्ये अनेक ठिकाणी विखुरलेल्या होत्या. काही ड्रायव्हर व 'प्रोक' या आभासी फाइलव्यवस्थेतील काही फाइली ऑफसेटच्या पॉइंटरमधून तेच मूल्य पुन्हा पुन्हा वाचत. तपासणी आणि प्रत्यक्ष वापर यांच्या दरम्यान दुसऱ्या धाग्याने स्थान बदलले, तर तपासलेले मूल्य एक आणि वापरलेले दुसरे अशी स्थिती होई. परिणामी संगणकावरील कोणीही साधा वापरकर्ता कर्नेलच्या स्मृतीचे तुकडे वाचू शकत होता. त्या स्मृतीत इतरांचे संकेतशब्दही असू शकतात. २.४.२७ या आवृत्तीत त्याची दुरुस्ती झाली.

हा दोष एका व्यक्तीच्या एका ओळीतील नव्हता. तोच साचा अनेकांनी अनेक ड्रायव्हरांत उतरवून घेतला होता. ड्रायव्हर बहुधा जुन्या ड्रायव्हरची नक्कल करून लिहिले जातात, हे त्याचे मूळ कारण मानावे लागते.

दोषाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे एकाच वेळी दोन धाग्यांनी स्थान बदलणे, हा ३२ बिटी यंत्रांवर आणखी गुंतागुंतीचा होतो. तेथे ६४ बिटांची संख्या दोन हप्त्यांत वाचली जाते आणि मधल्या क्षणी ती बदलल्यास वरचा अर्धा भाग जुना व खालचा नवा असे कधीही अस्तित्वात नसलेले स्थान हाती येते. २०१४ च्या ३.१४ आवृत्तीत फाइलच्या स्थानासाठी स्वतंत्र कुलूप आले.

== सुरक्षित तपासणी ==

मर्यादा तपासण्याची सहज सुचणारी रीत 'स्थान + संख्या > आकार' अशी आहे. ही बेरीजच मर्यादेबाहेर गेली तर निष्कर्ष उलटतो. सी भाषेच्या प्रमाणानुसार चिन्हांकित बेरीज ओसंडल्यास काय घडेल याची कोणतीही हमी नाही. त्याऐवजी बेरीज टाळून वजाबाकी वापरली जाते. त्यासाठी पुढील क्रम पाळला जातो:

१. पॉइंटरमधील स्थान एकदाच स्थानिक एलऑफ_टी चलात उतरवून घ्यावे व पुढे तेच चल वापरावे.
२. स्थान ऋण असल्यास त्रुटी द्यावी.
३. स्थान आकाराएवढे किंवा त्याहून मोठे असल्यास शून्य परत करावे. वाचनात याचा अर्थ फाइल संपली असा होतो.
४. संख्या 'आकार − स्थान' यापेक्षा मोठी असल्यास ती तेवढीच करावी.
५. नक्कल झाल्यावर प्रत्यक्ष पोहोचलेल्या बाइटांनीच स्थान पुढे सरकवावे.

तिसरी पायरी आधी झाल्यामुळे चौथ्या पायरीतील वजाबाकी कधीही ऋण होत नाही, म्हणून हा क्रम बदलता येत नाही. कर्नेलमधील 'सिंपल_रीड_फ्रॉम_बफर' हे तयार फंक्शन हेच करते. स्मृतीतील साठा वाचकाला द्यायचा एवढेच काम असेल, तर ड्रायव्हरने स्वतःचा हिशेब न मांडता ते वापरणे श्रेयस्कर होय.

ज्या उपकरणात स्थान ही कल्पनाच नाही, उदाहरणार्थ सिरियल पोर्ट किंवा कळफलक, तेथे ऑफसेट सांभाळण्याची गरज नसते. अशा उपकरणाने उघडतानाच 'नॉनसीकेबल_ओपन' या फंक्शनाद्वारे तसे जाहीर करावे, म्हणजे स्थानबदलाच्या विनंत्या कर्नेल परस्पर नाकारतो.

== सेक्टर, पाने व सरकवण्याची क्रिया ==

खंड उपकरणांत सेक्टर क्रमांकावरून बाइट ऑफसेट काढण्यासाठी संख्या नऊ बिट डावीकडे सरकवतात, म्हणजेच ५१२ ने गुणतात. क्रमांक ३२ बिटांचा असेल, तर सरकवण्याची क्रियाही ३२ बिटांतच होते. उत्तर नंतर एलऑफ_टीमध्ये ठेवले तरी गळालेले बिट परत येत नाहीत. सेक्टर ८३,८८,६०८ चा बाइट ऑफसेट बरोबर चार गिगाबाइट आहे. चुकीच्या रीतीने काढल्यास तो शून्य येतो. या जागी लेखन करणारा ड्रायव्हर चार गिगाबाइटांपलीकडे लिहायची विदा चकतीच्या पहिल्याच सेक्टरवर लिहितो आणि तेथील विभागतक्ता पुसला जातो. प्रकाराचे रूपांतर सरकवण्यापूर्वी करणे एवढाच त्यावरील उपाय आहे.

सेक्टर क्रमांकच ३२ बिटांचा असल्यास उपकरणाची मर्यादा दोन टेराबाइट होते. ३२ बिटी लिनक्समध्ये सेक्टर_टीची लांबी पूर्वी कर्नेल बांधताना निवडता येत असे. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून तो सर्वत्र ६४ बिटांचा झाला. पानांच्या बाबतीतही असाच हिशेब आहे: ३२ बिटांचा पानक्रमांक आणि चार किलोबाइटांचे पान यांतून १६ टेराबाइटांची मर्यादा निघते. उपकरणाची स्मृती वापरकर्त्याच्या पत्तावकाशात बसवणाऱ्या ड्रायव्हरला ऑफसेट पानांत मिळतो. त्याचे बाइट करताना ३२ बिटी यंत्रावर वरचीच चूक पुन्हा घडू शकते.

भागाकाराची अडचण निराळी आहे. ३२ बिटी यंत्रावर एलऑफ_टीला साध्या चिन्हाने भागल्यास संकलक एका साहाय्यक फंक्शनला हाक मारतो. ते कर्नेलमध्ये उपलब्ध नसल्याने जोडणीच्या वेळी अनोळखी नावाची त्रुटी येते. त्यासाठी 'डू_डिव्ह' किंवा तत्सम कर्नेलची साधने वापरावी लागतात. हा त्रास टाळण्यासाठी ऑफसेट इंटमध्ये रूपांतरित करून भागणे हा नवशिक्यांचा नेहमीचा मार्ग असतो. त्याने त्रुटी जाते आणि दोष राहतो.

== मोठ्या विदेची उदाहरणे ==

दोन गिगाबाइटांची सीमा किती लवकर गाठली जाते, हे पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या आकड्यांवरून लक्षात येते. या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिच्या मूळ रचनेत ३२ मेगाहर्ट्‌झ पट्टा मिळत असे व अद्ययावत रचनेत तो ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत गेला आहे. ३२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा पूर्णपणे टिपण्यासाठी सेकंदाला किमान ६.४ कोटी नमुने घ्यावे लागतात. एक नमुना एका बाइटाचा धरल्यास एकाच संकेताची विदा सुमारे ३४ सेकंदांत दोन गिगाबाइटांवर पोहोचते. ४०० मेगाहर्ट्‌झला हाच काळ पावणेतीन सेकंदांहून कमी होतो. तासन्‌तास चालणाऱ्या निरीक्षणात असा प्रवाह नोंदवणाऱ्या ड्रायव्हरचा ऑफसेट ३२ बिटांचा असून चालणार नाही, हे उघड आहे.

ऑफसेटची लांबी केवळ ड्रायव्हरात नव्हे, तर फाइलच्या स्वरूपातही गोठलेली असते. नागपुरातील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारख्या संस्था ज्या उपग्रहप्रतिमांवर काम करतात, त्यांसाठी टिफ हे स्वरूप सर्रास वापरले जाते. १९९२ च्या टिफ ६.० मध्ये अंतर्गत ऑफसेट ३२ बिटांचे असल्याने फाइल चार गिगाबाइटांपुढे वाढू शकत नाही. त्यासाठी ६४ बिटांचे ऑफसेट असलेले बिगटिफ हे स्वरूप निर्माण झाले. त्याच शहरातील धंतोली हा भाग रुग्णालयांसाठी ओळखला जातो. अशा रुग्णालयांतील क्ष-किरण व सीटी प्रतिमा ज्या डायकॉम स्वरूपात साठवल्या जातात, त्यातही प्रत्येक घटकाच्या लांबीचा रकाना जास्तीत जास्त ३२ बिटांचा आहे. लग्नाची चार गिगाबाइटांहून मोठी चित्रफीत पेनड्राइव्हवर उतरत नाही, हा घरोघरचा अनुभवही याच जातीचा: फॅट३२ या फाइलव्यवस्थेत फाइलच्या आकारासाठी ३२ बिटच राखलेले आहेत. पेनड्राइव्हमध्ये जागा असते, पण आकार लिहायला रकाना पुरत नाही.

== वापरकर्ता व कर्नेल यांमधील सीमा ==

ड्रायव्हर आणि वापरकर्त्याची आज्ञावली यांच्यात देवाणघेवाण होणाऱ्या रचनांत ऑफ_टी किंवा लाँग ठेवू नये, असा संकेत आहे. ६४ बिटी कर्नेलवर ३२ बिटी आज्ञावली चालवल्यास दोहोंच्या लेखी त्याची लांबी वेगळी ठरते. येथे निश्चित लांबीचे, म्हणजे 'यू६४' सारखे प्रकार वापरले जातात. तेवढ्यानेही काम पूर्ण होत नाही. इंटेलच्या ३२ बिटी रचनेत ६४ बिटांचा घटक चार बाइटांच्या सीमेवर बसू शकतो, तर ६४ बिटी रचनेत तो आठ बाइटांच्या सीमेवर बसतो. आधी ३२ बिटांचा एक घटक आणि मग ऑफसेट अशी रचना असल्यास दोन्ही बाजूंना ऑफसेट वेगवेगळ्या जागी दिसतो. म्हणून मधली रिकामी जागा रचनेत स्पष्टपणे लिहून भरली जाते.

३२ बिटी यंत्रावर एलएलसीक हे आवाहन ऑफसेटचे दोन अर्धे भाग वेगवेगळ्या प्राचलांतून घेते व उत्तर पॉइंटरद्वारे परत करते, कारण एका नोंदकात ६४ बिट मावत नाहीत.

== इतर संचालन प्रणाली ==

४.४बीएसडीने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच ऑफ_टी ६४ बिटांचा केला आणि लिनक्सप्रमाणे दोन समांतर प्रकार सांभाळण्याचा खटाटोप टाळला. त्याची किंमत जुन्या आज्ञावलींनी मोजली: फंक्शनची घोषणा समाविष्ट न करता एलसीकला नुसता शून्य देणाऱ्या आज्ञावली मोडल्या, कारण तो शून्य ३२ बिटांचा जात असे. फ्रीबीएसडी व इतर वंशज प्रणालींनी पुढे हाच प्रकार चालू ठेवला.

विंडोजच्या ड्रायव्हरांत ऑफसेट 'लार्ज_इंटिजर' या ६४ बिटांच्या चिन्हांकित रचनेतून येतो. ती एकसंध संख्या म्हणून किंवा वरचा व खालचा असे दोन ३२ बिटी भाग म्हणून वाचता येते. केवळ खालचा भाग वाचणाऱ्या ड्रायव्हरची गत चार गिगाबाइटांपलीकडे वर वर्णन केलेल्या लिनक्स ड्रायव्हरपेक्षा वेगळी होत नाही.